निसर्गाचा जमाखर्च तपासणारे कुमारप्पा

३० जानेवारी हा दिवस देशभर हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९४८ साली याच दिवशी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर बरोबर बारा वर्षांनी, ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींचा आर्थिक विचार शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडणाऱ्या एका विद्वानाचे मद्रासमध्ये निधन झाले. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा. गांधीजींच्या स्मरणात दरवर्षी देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. त्याच तारखेला गेलेल्या या शिष्याचे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठी येते.

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग आज शासकीय अहवालांपासून शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत सर्वत्र आढळतो. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली आपला अहवाल सादर केला आणि पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागविणारा विकास, अशी त्याची व्याख्या जगापुढे ठेवली. त्याच्याही चार दशके आधी, १९४५ साली, कुमारप्पांचे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. ‘टिकणारी अर्थव्यवस्था’ असा त्या नावाचा साधा अर्थ. जबलपूरच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या या छोटेखानी ग्रंथात जो प्रश्न विचारला होता, त्याच प्रश्नाशी आज सारे जग झुंजत आहे. माणूस निसर्गाच्या व्याजावर जगतो आहे की मुद्दल खातो आहे, हा तो प्रश्न. तो एका हिशेबतपासनिसाला सुचावा, यात नवल नाही. कुमारप्पांचा मूळ व्यवसायच तो होता.

तंजावर ते लंडन

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. वडील सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. घरात शिस्त होती, इंग्रजी शिक्षणाचे वातावरण होते. आई श्रद्धाळू होती आणि मिळकतीतला काही वाटा गरजूंचा असतो, हा संस्कार तिने मुलांवर केला. मद्रासमधील शिक्षणानंतर जोसेफ लंडनला गेले, तेथे त्यांनी हिशेबशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आणि काही काळ व्यवसायही केला. आईच्या आग्रहावरून १९१९ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईत हिशेबतपासणीच्या व्यवसायात स्थिरावले.

या काळातील कॉर्नेलियस हे पेहरावाने, राहणीने आणि विचारानेही पूर्ण पाश्चात्त्य वळणाचे गृहस्थ होते. उंची सूट, इंग्रजी शिष्टाचार आणि व्यवसायातील चोख लौकिक असे त्यांचे आयुष्य होते. ब्रिटिश राज्यकारभाराविषयी त्यांच्या मनात फारशी शंका नव्हती. ती निर्माण झाली अमेरिकेत.

१९२७ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूस विद्यापीठातून व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे नामवंत अभ्यासक एडविन सेलिग्मन हे तेथे त्यांचे प्राध्यापक होते. भारत दरिद्री का आहे, या विषयावर कॉर्नेलियस यांनी एका चर्चमध्ये व्याख्यान दिले. त्याचा वृत्तांत सेलिग्मन यांच्या वाचनात आला आणि प्रबंधासाठी हाच विषय घ्यावा, असे त्यांनी सुचविले. सरकारी अंदाजपत्रके, करांचे आकडे, लष्करावरील खर्च आणि इंग्लंडला पाठविल्या जाणाऱ्या रकमा यांची छाननी सुरू झाली. लंडनमध्ये कंपन्यांच्या वह्या तपासणाऱ्या हिशेबनिसासमोर आता साम्राज्याचीच वही उघडली गेली होती. कर भरणारा शेतकरी आणि त्या पैशाचा लाभ घेणारे यांच्यातील अंतर त्यांना आकड्यांतून दिसू लागले. भारताचे दारिद्र्य दैवाने आलेले नसून धोरणातून आलेले आहे, या निष्कर्षाप्रत ते पोहोचले.

सूटबूट आणि शेणाने सारवलेली जमीन

१९२९ साली ते भारतात परतले, तेव्हा त्यांनी ‘कॉर्नेलियस’ हे नाव टाकून ‘कुमारप्पा’ हे घराण्याचे जुने नाव धारण केले. आपला प्रबंध पुस्तकरूपाने यावा, अशी त्यांची इच्छा होती. तो गांधीजींना दाखवावा, असे एका मित्राने सुचविले आणि मे १९२९ मध्ये साबरमती आश्रमात भेटीची वेळ ठरली.

या भेटीची हकिकत कुमारप्पांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. ठरलेल्या वेळेच्या थोडे आधीच ते रेशमी सूट घालून, हातात काठी घेऊन नदीकाठी पोहोचले. एका झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातत बसले होते. कुमारप्पा काही मिनिटे उभे राहून ते पाहत राहिले. त्या वृद्धानेच आपणच कुमारप्पा का, अशी चौकशी केली, तेव्हा समोर गांधीजी आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. घडी मोडेल याची पर्वा न करता ते तसेच जमिनीवर बसले. कोणी तरी खुर्ची आणू लागले, तर त्यांनी ती नाकारली.

गांधीजींनी तो प्रबंध ‘यंग इंडिया’तून क्रमशः प्रसिद्ध करण्याचे ठरविले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी कुमारप्पांवर एक काम सोपविले. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायची होती. त्या वेळी गुजरात विद्यापीठाची धुरा काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होती. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. पण विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन १९२९-३० च्या हिवाळ्यात त्यांनी पन्नासहून अधिक गावे पालथी घातली. घरटी जमीन किती, बैल किती, कर्ज किती, सारा किती, वर्षाकाठी हातात काय उरते, याची नोंद कुटुंबागणिक झाली. १९३१ साली प्रसिद्ध झालेला हा अहवाल भारतीय खेड्याच्या अर्थस्थितीच्या सुरुवातीच्या शास्त्रीय अभ्यासांत गणला जातो. अनेक कुटुंबांच्या वहीत जमेपेक्षा खर्च जास्त आहे आणि ही तूट कर्जाने किंवा अर्धपोटी राहून भरून काढली जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मातरने कुमारप्पांचे आयुष्य बदलले. सूट गेला, खादी आली. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ‘यंग इंडिया’च्या संपादनाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि त्यापायी तुरुंगवासही घडला. सत्याग्रहींवर होणाऱ्या अत्याचारांविषयी चर्चने मौन का पाळावे, असा जाहीर सवाल करून त्यांनी स्वधर्मीय धर्मगुरूंचाही रोष ओढवून घेतला. १९३१ साली काँग्रेसने भारत व ब्रिटन यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याची तपासणी करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या कामात कुमारप्पांचा वाटा मोठा होता.

पैशापैशाचा हिशेब

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला भूकंपाचा भीषण तडाखा बसला. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य उभे राहिले आणि देशभरातून निधीचा ओघ सुरू झाला. या निधीचे हिशेब सांभाळण्यासाठी कुमारप्पांना पाटण्याला पाचारण करण्यात आले. त्यांनी प्रत्येक कार्यकर्त्याच्या दैनंदिन भोजनखर्चाला मर्यादा घालून दिली. पुढे गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह पाटण्यास आले, तेव्हा त्यांच्या मंडळींचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असे कुमारप्पांनी सांगून टाकले. ज्यांच्यासाठी निधी गोळा झाला, त्यांच्याखेरीज तो कोणाचाही नाही, अशी त्यांची भूमिका होती. गांधीजींना ती पूर्णपणे पटली.

हा प्रसंग केवळ प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. वस्तुतः कुमारप्पांच्या पुढील सर्व विचाराचे बीज त्यात आहे. आपल्या हाती आलेली संपत्ती आपली नाही, आपण तिचे विश्वस्त आहोत, आणि विश्वस्ताला मुद्दल खर्चण्याचा अधिकार नसतो. पाटण्यात त्यांनी हा नियम भूकंपग्रस्तांच्या निधीला लावला. पुढे तोच नियम त्यांनी जमीन, जंगल आणि खनिजे यांना लावला.

मगनवाडीची प्रयोगशाळा

१९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याची सूत्रे कुमारप्पांकडे आली. जमनालाल बजाज यांनी वर्धा येथील आपली बाग व इमारत संघाला दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव ‘मगनवाडी’ असे ठेवण्यात आले. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. पुढची सुमारे दीड दशके, तुरुंगवासाचा काळ वगळता, विदर्भातील हे गाव कुमारप्पांची कर्मभूमी ठरले. त्यांचे बंधू भारतन कुमारप्पा हेही या कामात त्यांच्यासोबत होते.

मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्यापालन, ताडगूळ, साबण, कुंभारकाम अशा अनेक उद्योगांवर प्रयोग चालत. जुने ते सोने म्हणून जुनी अवजारे जपणे हा त्यामागचा हेतू नव्हता. घाणीची रचना सुधारून बैलावरचा ताण कमी करावा आणि तेलाचा उतारा वाढवावा, चुलीची रचना बदलून स्वयंपाकघरातला धूर घालवावा, असे ते प्रयत्न होते. मातीच्या तेलावर चालणाऱ्या कंदिलाऐवजी गावात गाळलेल्या वनस्पती तेलावर चालणारा ‘मगन दीप’ येथे तयार झाला. दिव्याचे तेल परदेशातून आले की त्याबरोबर गावाचा पैसा बाहेर जातो आणि तेलबिया पिकविणारा शेतकरी व गाळणारा तेली दोघेही बेकार होतात, हा त्यामागचा हिशेब होता. शिवाय जमिनीच्या पोटातले तेल एकदा जळले की संपले, करडई किंवा भुईमूग पुढच्या हंगामात पुन्हा उगवतो.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात ‘मगन संग्रहालया’चे उद्घाटन झाले. खादी व ग्रामोद्योगांची साधने आणि उत्पादने एकत्र पाहता यावीत, हा त्याचा उद्देश होता. त्याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. या समितीने ६०६ गावांची पाहणी केली. आज ज्याला स्थानिक संसाधनांवर आधारित नियोजन म्हटले जाते, त्याचा तो आरंभीचा आणि विस्तृत प्रयत्न होता.

१९३८ मध्येच काँग्रेसने जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. ग्रामोद्योग संघाचे प्रतिनिधी म्हणून कुमारप्पा तिचे सदस्य झाले. मोठे उद्योग हेच देशाच्या प्रगतीचे साधन, हे गृहीत धरूनच समितीचे काम चालल्याचे पाहून ते थोड्याच अवधीत बाहेर पडले. स्वतंत्र भारत कोणत्या वाटेने जाणार, याचा हा पूर्वसंकेत होता.

तुरुंगात लिहिलेले पुस्तक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकार कागदी चलन छापून देशातील धान्य व माल उचलत होते आणि महागाईचा भार गरिबांवर पडत होता. १९४२ साली कुमारप्पांनी ‘स्टोन फॉर ब्रेड’ या लेखात या व्यवहारावर कठोर टीका केली. ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या त्या काळात त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. जबलपूरच्या कारागृहात प्रकृती खालावत असताना त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली. ग्रामोद्योगाचे आणि धर्मशास्त्राचे ‘डॉक्टर’ अशा पदव्याही त्यांनी आपल्या या सहकाऱ्याला प्रेमाने बहाल केल्या.

पुस्तकाची सुरुवात निसर्गाच्या निरीक्षणाने होते. सजीव कसे जगतात, यावरून कुमारप्पांनी अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार पाडले. वाघ सावजाला मारून जगतो. आपल्या लाभासाठी उगमच नष्ट करणारी ही परोपजीवी व्यवस्था. माकड आमराईत शिरून फळे ओरबाडते, झाड मात्र शिल्लक ठेवते. ही लुटारू व्यवस्था. पक्षी स्वतः राबून घरटे बांधतो, शेतकरी नांगरून पेरतो. ही उद्यमाची व्यवस्था. मधमाश्या एकट्या स्वतःसाठी नव्हे, तर साऱ्या पोळ्यासाठी मध गोळा करतात. ही समूहाची व्यवस्था. आणि पक्षीण कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिलांना भरविते. ही सेवेची व्यवस्था, आणि कुमारप्पांच्या मते तीच सर्वांत टिकाऊ. पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीकडे जाणे म्हणजे मानवी प्रगती, असा त्यांचा निकष होता. यंत्रांची संख्या किंवा उत्पादनाचा आकडा त्यात कोठेच नव्हता.

याच पुस्तकात त्यांनी ‘साठ्याची अर्थव्यवस्था’ आणि ‘प्रवाहाची अर्थव्यवस्था’ असा भेद केला. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबे हे निसर्गाने लाखो वर्षांत जमविलेले साठे आहेत. ते वापरले की कमी होतात आणि कमी होत गेले की त्यांच्यासाठी राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसतात. ज्या महायुद्धाच्या छायेत हे पुस्तक लिहिले जात होते, त्याच्या मुळाशीही त्यांना हीच साठ्यांची ओढ दिसत होती. उलट नदीचे वाहते पाणी, वाऱ्याची व जनावरांची शक्ती, दरवर्षी वाढणारे लाकूड, शेतातले पीक हा प्रवाह आहे. जंगल वर्षभरात जेवढे वाढते तेवढेच तोडले, तर जंगल राहते आणि लाकूडही मिळत राहते. त्याहून अधिक तोडले की मुद्दलाला हात लागतो. ‘नूतनक्षम’ आणि ‘अनूतनक्षम’ ऊर्जास्रोत असे शब्द नंतर रूढ झाले, त्यांतला भेद तो हाच.

शेतीविषयी त्यांचे विवेचन अधिकच नेमके होते. एक लाख लोकसंख्येला वर्षभर समतोल आहार व वस्त्र पुरवायचे तर कोणत्या पिकाखाली किती एकर जमीन हवी, याचे कोष्टकच त्यांनी मांडले. जमीन मर्यादित आहे, तेव्हा तिच्यावर पहिला हक्क अन्नाचा, असे त्यांचे म्हणणे होते. मलबारमध्ये भातखाचरे मोडून साबणाच्या कारखान्यांसाठी नारळाची लागवड होते, मग तांदूळ बाहेरून आणावा लागतो. अशा रीतीने आपण तांदळाचाच साबण करतो, हे त्यांनी दाखवून दिले. साखर कारखान्यांना जाड सालीचा ऊस लागतो, गावच्या गुऱ्हाळाला तशा उसाची गरज नसते. म्हणजे कोणते पीक घ्यायचे हे जमीन किंवा शेतकरी ठरवत नाही, कारखाना ठरवतो. दुष्काळी तालुक्यांत उसाखाली किती पाणी जावे, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चाललेला वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या विवेचनाची धार वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ग्राहकाच्या जबाबदारीचा मुद्दाही त्यांनी आग्रहाने मांडला. पश्चिम आफ्रिकेत सक्तीच्या श्रमातून पिकलेल्या कोकोचा पेला जो पितो, तो त्या सक्तीचा भागीदार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. वस्तूची किंमत चुकती केली म्हणजे हिशेब मिटला, हे त्यांना मान्य नव्हते. ती वस्तू कोठून आली, कोणाच्या श्रमातून आली आणि मागे काय उजाड करून आली, हे विचारणे खरेदीदाराचे कर्तव्य होय. जवळच्या गावातली वस्तू घ्यावी, या त्यांच्या आग्रहामागे हेच कारण होते. वस्तू जितकी दुरून येते, तितके तिच्यामागचे अन्याय दृष्टीआड होतात.

स्वातंत्र्यानंतरचा एकाकीपणा

स्वातंत्र्य आल्यावर कुमारप्पांना आशा होती की, आता खेड्याचा विचार केंद्रस्थानी येईल. काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. १९४९ साली सादर झालेल्या तिच्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याची जमिनीवर मालकी आणि सहकारी शेती यांचा ठाम पुरस्कार होता. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे झाले, तथापि अहवालाचा गाभा कागदावरच राहिला. मोठी धरणे, पोलाद आणि अवजड उद्योग यांच्याकडे देशाने मोर्चा वळविला. रासायनिक खते आणि ट्रॅक्टर यांच्या सरसकट वापराविरुद्ध कुमारप्पा बोलत राहिले. बैल शेत नांगरतो आणि जमिनीला शेणही देतो, यंत्र हे दुसरे काम करू शकत नाही, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता. तेव्हा तो अनेकांना जुनाट वाटला.

वर्ध्याजवळ सेलडोह येथे त्यांनी ‘पन्नई आश्रम’ स्थापून शेतीचे प्रयोग आरंभिले. तमिळमध्ये पन्नई म्हणजे शेतमळा. प्रकृतीने साथ दिली नाही. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात चीन, जपान आणि सोव्हिएत संघाचा दौरा करून आल्यावर तेथील भूसुधारणांची त्यांनी प्रशंसा केली, तेव्हा गांधीवादी गोटातही त्यांच्याविषयी कुजबुज सुरू झाली. सरकारला ते अडचणीचे वाटत होते, सहकाऱ्यांना तिखट. अखेर ते मदुराई जिल्ह्यातील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात जाऊन राहिले. अविवाहित कुमारप्पांचा सारा संसार एका छोट्या कुटीत मावत असे. त्या कुटीत गांधीजींचे चित्र होते आणि एका गरीब खेडुताचेही. पहिले आपल्या गुरूचे आणि दुसरे गुरूच्या गुरूचे, अशी ओळख ते पाहुण्यांना करून देत. उच्च रक्तदाबाच्या विकाराने ते जर्जर झाले होते. १९६० च्या जानेवारीत त्यांची प्राणज्योत मालवली.

उरलेला हिशेब

कुमारप्पांच्या विचारावर आक्षेप घेतले गेले आणि त्यांतील काही गंभीर आहेत. स्वातंत्र्यानंतर झपाट्याने वाढलेल्या लोकसंख्येचे पोट बैल आणि शेणखतावर भरले असते काय, हा पहिला प्रश्न. १९६० च्या दशकात देश आयात गव्हावर अवलंबून होता आणि त्यातून हरितक्रांतीनेच त्याला बाहेर काढले, हे नाकारता येत नाही. घाणी, जाते आणि उखळ यांचे कष्ट बहुतांशी स्त्रिया व खालच्या मानल्या गेलेल्या जाती उपसत होत्या, हा दुसरा आक्षेप. खेडे हे स्वावलंबनाचे आदर्श केंद्र, ही कल्पनाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परखडपणे फेटाळली होती. जातीने बांधलेल्या गावात सेवेची अर्थव्यवस्था कशी रुजणार, याचे समाधानकारक उत्तर कुमारप्पांच्या लेखनात मिळत नाही.

परंतु हरितक्रांतीची दुसरी बाजूही काळाने दाखविली. पंजाबातील भूजल पातळी खोल गेली, खतांच्या असंतुलित वापराने जमिनीचा कस घसरला. कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूंमुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झाले. साठ्याच्या अर्थव्यवस्थेतून युद्धे होतील, एवढेच कुमारप्पांनी सांगितले होते. त्यातून हवामानच बदलेल, ही शक्यता त्यांच्या काळी फार थोड्या शास्त्रज्ञांनी मांडली होती. मुद्दल खाल्ल्याची किंमत त्यांच्या अंदाजापेक्षाही मोठी निघाली.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाकर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक १९७३ साली गाजले. त्यातील बौद्ध अर्थशास्त्रावरील निबंधात कुमारप्पांच्या विचाराचा आदराने उल्लेख आहे. वर्ध्यात सुचलेला आणि जबलपूरच्या तुरुंगात कागदावर उतरलेला विचार अशा रीतीने लंडनमार्गे पुन्हा भारतीय विद्यापीठांत आला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठावयाची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे जाहीर केली. त्यांत जबाबदार उपभोग व उत्पादन हे एक स्वतंत्र उद्दिष्ट आहे. कोकोच्या पेल्याचे उदाहरण देणाऱ्या कुमारप्पांना ते परके वाटले नसते.

शाश्वतता म्हणजे झाडे लावणे किंवा प्लास्टिकची पिशवी नाकारणे एवढाच अर्थ शहरी वाचकाच्या मनात अनेकदा असतो. कुमारप्पांचे चरित्र त्यापलीकडे नेते. नळातून येणारे पाणी कोणत्या धरणातून आणि कोणाच्या वाट्यातून आले, विजेच्या दिव्यामागे कोणती खाण आहे, ताटातल्या धान्यासाठी जमिनीला काय परत मिळाले, हे प्रश्न त्यांनी हिशेबाच्या भाषेत विचारायला शिकविले. प्रत्येक खर्चासमोर जमेची नोंद असली पाहिजे, ही कोणत्याही वहीची पहिली अट असते.

वर्ध्यातील मगन संग्रहालयाची वास्तू आजही उभी आहे. सेवाग्रामला जाणारे बहुसंख्य पर्यटक बापूकुटी पाहून परततात. त्यांनी आणखी थोडा वेळ काढून तेथे जावयास हरकत नाही. निसर्गाची वही तपासण्याचे काम या देशात एका माणसाने किती आधी हाती घेतले होते, हे तेथे गेल्यावर समजते. ती तपासणी पूर्ण करण्याची जबाबदारी मात्र आता त्याच्या पश्चात आलेल्या पिढ्यांवर आहे.